डीव्हीडी अडकली, तर आधी मिनिट-सेकंद लिहून घ्या

बाबांच्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या कॅसेट मी डिसेंबरात कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो आणि तासाला साधारण १३ जीबी जागा जाते. फायरवायर पोर्ट (कॅमेरा जोडायचा जुना सॉकेट) असलेला जुना लॅपटॉप मिळाला, की कॅसेट लावायची आणि आपल्या दुसऱ्या कामाला लागायचं. त्यातून निवडून-टिपून दोन तासांची फिल्म झाली. ती डीव्हीडीवरच द्यायची ठरली, कारण आत्या, मामा आणि काका यांच्या टीव्हीखाली अजून डीव्हीडी प्लेयर आहे आणि त्याच्या रिमोटचं कुठलं बटण कुठे आहे हे त्यांना न बघता कळतं. लिंक पाठवली असती तर ती कुणी उघडली नसती.

डिस्क बर्न करायचं काम मावसभावाने अंगावर घेतलं. जानेवारीच्या मध्यावर पाकिटं कुरियरने रवाना झाली आणि आठवड्याभरात फोन यायला लागले.

आत्याच्या प्लेयरवर ‘नो डिस्क’ येत होतं. मामाकडे फिल्म झकास सुरू व्हायची आणि शेवटाकडे चित्राचे चौकोन-चौकोन होऊन थांबायची. काकाकडे मध्येच एका जागी झटके बसायचे आणि पुढे पुन्हा सुरळीत. अमेरिकेतल्या चुलतभावाच्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं होऊन वर सरकत होतं. धाकट्या बहिणीच्या प्लेयरवर डिस्क लागली, पण पडद्यावर फक्त एका फाइलचं नाव दिसत होतं. आणि या सगळ्यांचं मला सांगणं एकच: ‘चालत नाहीये गं.’

सगळ्या डिस्क नव्याने बर्न करून पुन्हा पाठवायच्या, असं मनात आलंच होतं. कोऱ्या डिस्क संपल्या होत्या म्हणून ते राहिलं, आणि नवीन येईपर्यंत मी सगळ्यांना फोन करून नीट चौकशी केली. त्या फोनांमधूनच निम्मं कोडं सुटलं. प्रश्न साधे होते. तुझ्या प्लेयरवर विकतची डीव्हीडी चालते का? घरी बर्न केलेली दुसरी एखादी चालते का? आपली डिस्क नेमकी कुठल्या मिनिटाला अडकते, आणि पुन्हा लावली तर तिथेच अडकते की दुसरीकडे? डिस्कच्या तोंडावर बारीक अक्षरात काय छापलंय?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. डिस्क मुळात ओळखलीच गेली नाही, तर संशय डिस्कच्या जातीवर किंवा आतल्या रचनेवर जातो. सुरुवात चांगली आणि शेवट खराब असेल, तर बर्निंगवर. सगळ्यांच्या प्रतींत एकाच सेकंदाला झटका बसत असेल, तर डिस्क निर्दोष आहे आणि गडबड फिल्ममध्येच आहे. मी वहीत प्रत्येकाच्या नावाचं पान केलं आणि ही माहिती भरत गेले. तुमच्यावर ही वेळ आली तर कोऱ्या डिस्कच्या पाकिटाला हात लावण्याआधी एवढं करा.

सर्वांत सोपं प्रकरण बहिणीचं. मावसभावाने घाईत तिच्या डिस्कवर एमपी४ फाइल तशीच टाकली होती. कॉम्प्युटरवर ती चालते, त्यामुळे त्याला वाटलं झालं काम. साध्या डीव्हीडी प्लेयरला मात्र ठरावीक मांडणी लागते: ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचं फोल्डर, त्यात आयएफओ, त्यांच्या जोडप्रती बीयूपी, आणि प्रत्यक्ष चित्र-आवाज असलेल्या व्हीओबी फाइल. एकेक व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी नसते, आणि चित्र एमपीईजी-२ या जुन्या कॉम्प्रेशन प्रकारात हवं. काही प्लेयरवर डिव्हएक्सचा शिक्का असतो, ते एव्हीआय फाइलही चालवतात, पण एमपी४ वर भरवसा ठेवू नये. फाइलचं नाव किंवा शेपूट बदलून यात काही फरक पडत नाही. डीव्हीडीस्टायलरसारख्या फुकट प्रोग्रॅममधून रीतसर डीव्हीडी-व्हिडिओ तयार करावी लागते.

इथे एक बारकावा सांगते, कारण त्यात बरेच जण अडकतात. ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर तयार असलं, तरी ते साध्या डेटा डिस्कसारखं माउसने ओढून बर्न करू नये. कॉम्प्युटरला फाइल डिस्कवर कुठेही असली तरी सापडते. प्लेयरला मात्र फाइल ठरावीक क्रमाने आणि यूडीएफ १.०२ या फाइलींची यादी ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या नोंदीसह हव्या असतात. बर्निंग प्रोग्रॅममध्ये ‘डीव्हीडी व्हिडिओ’ असा वेगळा पर्याय असतो, तो घ्यायचा. सोबत ‘ऑडिओ_टीएस’ नावाचं रिकामं फोल्डर तयार होतं, ते बघून गोंधळू नका आणि काढूही नका. काही जुने प्लेयर ते शोधतात.

मग आत्या. तिच्याकडे विकतच्या डीव्हीडी उत्तम चालत होत्या, म्हणजे प्लेयरची लेन्स ठणठणीत. (एखादा प्लेयर सीडी वाचतो आणि डीव्हीडी अजिबात वाचत नाही, असं झालं तर लेसरवर संशय घ्यावा. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. त्यामुळे एक बिघडून दुसरा शाबूत राहू शकतो.) तिच्याकडे कुणाच्या तरी जुन्या समारंभाची घरी बर्न केलेली डिस्क होती, तीही चालत होती. म्हणून म्हटलं, डिस्कवर काय छापलंय ते वाचून दाखव.

“आत्या, ‘आर’ अक्षराच्या आधी अधिकचं चिन्ह आहे की आडवी रेघ?”

“थांब, चष्मा आणते… फुली आहे गं.”

“तिरकी फुली की उभी?”

“अगं अधिकचं चिन्ह आहे. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय मी. जुन्या सीडीवर मात्र रेघ आहे.”

तिने न विचारता जुन्या डिस्कवरचंही सांगितलं आणि तिथेच उत्तर मिळालं. मावसभावाकडे दोन्ही जातींच्या कोऱ्या डिस्क होत्या आणि त्याने हाताला येईल ती वापरली होती. रेघेची ती डॅश आर, अधिकच्या चिन्हाची ती प्लस आर. डॅश आर १९९७ पासून आहे, प्लस आर आली २००२ मध्ये. आत्याचा प्लेयर त्या आधीचा. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ती कुठल्या जातीची आहे याची नोंद असते, तिला बुक टाइप म्हणतात. ओळखीची जात दिसली नाही, की काही जुने प्लेयर पुढे वाचायचा प्रयत्नही करत नाहीत. आपल्याला दिसतं ‘नो डिस्क’.

यावर एक युक्ती आहे. काही ड्राइव्ह प्लस आर डिस्कवर ही नोंद ‘डीव्हीडी-रॉम’ अशी करून देतात, म्हणजे प्लेयरला ती विकतची डिस्क वाटते. इम्गबर्न या बर्निंग प्रोग्रॅममध्ये त्याची सोय आहे, पण ड्राइव्हनेही साथ द्यायला हवी. माझ्या ड्राइव्हने दिली नाही. डॅश आर वर तर ही नोंद बदलताच येत नाही, पण तिला बहुधा गरजही पडत नाही. नव्या डिस्क आल्या त्या मी फक्त डॅश आर मागवल्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आत्याचा फोन आला की मेन्यू दिसतोय, पण तो रिमोटच्या कुठल्या बटणाने सुरू करायचा? मेन्यू काढूनच टाकला. डिस्क घातली की फिल्म सुरू, अशी आवृत्ती केली, आणि सगळ्याच ज्येष्ठांना तीच बरी वाटली.

मामाचं प्रकरण सगळ्यात लांबलं, आणि शिकायलाही तिथेच सर्वाधिक मिळालं.

मामाने मिनिटं टिपून ठेवली होती. पहिल्या दिवशी १ तास ३६ मिनिटांवर अडकली, दुसऱ्या दिवशी ३४ वर, मग पुन्हा ३६. जागा जवळपास तीच, पण अगदी तीच नाही. फिल्ममध्ये दोष असता तर सेकंदाचाही फरक पडला नसता. आता डिस्क खराब की प्लेयर? जुना प्लेयर दीड तास चालून तापला की अडखळायला लागतो, हेही शक्य होतं. म्हणून मामाला सांगितलं, “सकाळी उठल्यावर प्लेयर थंड असताना डिस्क लाव आणि थेट शेवटच्या चॅप्टरवर उडी मार.” तरीही चौकोन दिसलेच. वर विकतचा तीन तासांचा सिनेमा त्याच प्लेयरवर अखेरपर्यंत चालला. प्लेयर निर्दोष सुटला. मामाने डिस्क परत पाठवली, ती यायला आठवडा गेला.

पाकीट उघडलं तर डिस्कवर मावसभावाने हौसेने छापलेला कागदी स्टिकर. चिकटवताना एका बाजूला बारीक सुरकुती राहिलेली. खालची बाजू दिव्याखाली तिरकी धरली. बर्न झालेला भाग कोऱ्या भागापेक्षा किंचित वेगळ्या छटेचा दिसतो, आणि ती छटा अगदी कडेपर्यंत पोचली होती. डिस्क काठोकाठ भरली होती.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. मध्यापासून सुमारे २४ मिलिमीटरवर माहिती सुरू होते आणि ५८ मिलिमीटरपर्यंत जाते. दोन तासांच्या भरलेल्या डिस्कवर १ तास ३५ मिनिटं म्हणजे माहितीच्या बाहेरच्या कडेपासून साधारण पाच मिलिमीटर आत. मी पट्टी घेऊन मोजून पाहिलं, स्टिकरची सुरकुती नेमकी त्याच पट्ट्यावरून गेली होती. मावसभावाला विचारलं, बर्न किती स्पीडला केलं? “सोळा. डब्यावर लिहिलंय ना!”

आता दोन संशयित होते, स्टिकर आणि स्पीड. स्टिकर बर्न केल्यानंतर लावला होता, त्यामुळे लिहिण्यात त्याचा हात नव्हता. पण कागद आणि प्लास्टिक उष्णतेने आणि दमटपणाने सारखे वागत नाहीत, डिस्कला किंचित बाक येतो, आणि तो बाक कडेला सर्वांत जास्त जाणवतो. स्पीडचं गणित वेगळं. १६ एक्सला (म्हणजे मूळ स्पीडच्या सोळा पटीला) कडेपाशी डिस्क मिनिटाला नऊ हजारांवर फेरे घेत असते. त्या वेगात थोडी जरी थरथर झाली, तरी लेसरने उठवलेल्या खुणा रेखीव राहत नाहीत. आतल्या भागात ड्राइव्ह स्वतःच कमी स्पीडने लिहितो, म्हणून सुरुवात नेहमी छान असते आणि सगळा घोळ शेवटाकडे होतो.

दोघांचा दोष वेगळा करायचा म्हणून तीच फिल्म, त्याच डब्यातल्या डिस्कवर, स्टिकर न लावता, एकदा १६ एक्सला आणि एकदा ८ एक्सला बर्न केली. माझ्या कॉम्प्युटरवर दोन्ही शेवटपर्यंत चालल्या. बर्न केल्यावरची व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून बघायची तपासणीही दोन्ही पास. इथे मी जरा हताश झाले, कारण फरक काहीच दिसत नव्हता.

फरक दिसला तो त्रुटी मोजणाऱ्या स्कॅनमध्ये. प्रत्येक डीव्हीडीवर बारीक वाचनत्रुटी असतातच. माहिती ३२ केबीच्या गठ्ठ्यांत लिहिलेली असते आणि प्रत्येक गठ्ठ्यासोबत दुरुस्तीसाठी जादा माहिती असते, तिच्या आधारे प्लेयर चुका जागच्या जागी सुधारतो. पहिल्या फेरीत सुधारल्या जाणाऱ्या चुका आठ गठ्ठ्यांमागे २८० पर्यंत चालतात. पहिल्या फेरीतून निसटणाऱ्या चुका एका गठ्ठ्यात ४ पर्यंत. नीरोच्या डिस्कस्पीडसारखे जुने प्रोग्रॅम हा आलेख काढून देतात, मात्र प्रत्येक ड्राइव्ह हे आकडे देत नाही. एका मित्राकडचा जुना बाहेरून जोडायचा ड्राइव्ह देत होता, तो उसना आणला. ८ एक्सच्या डिस्कचा आलेख शेवटपर्यंत सपाट. १६ एक्सचा चार जीबी ओलांडल्यावर एकदम उसळला, निसटलेल्या चुका मर्यादेच्या बऱ्याच वर. मामाच्या मूळ डिस्कवर, स्टिकरसकट, त्याहून वाईट. म्हणजे दोघेही दोषी, मुख्य दोष स्पीडचा.

मग माझ्या कॉम्प्युटरवर चालली कशी? कॉम्प्युटरचा ड्राइव्ह न वाचलेला भाग स्पीड कमी करून पुन्हा-पुन्हा वाचतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. टीव्हीखालच्या प्लेयरला एवढी सवड नसते. पुढचं चित्र वेळेवर आलं नाही, की चौकोन. त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालते’ या म्हणण्याला या कामात शून्य किंमत आहे. व्हेरिफाय जरूर करा, उघड बिघाड त्यात पकडला जातो, पण तेवढ्यावर विसंबून डिस्क कुरियरला देऊ नका.

आणि १६ एक्सने वाचतं काय? ८ एक्सला भरलेली डिस्क आठेक मिनिटांत होते, १६ ला सहाएक मिनिटांत. दोन मिनिटांसाठी आम्ही महिनाभर फोनाफोनी केली. याचा अर्थ सर्वांत कमी स्पीड घ्यावा असा मात्र नाही. १६ एक्सच्या डिस्कवरचं रसायन जास्त स्पीड धरून बनवलेलं असतं, १-२ एक्सचा पर्याय बऱ्याचदा दिसतही नाही, आणि फार हळू बर्न केल्यावर आलेख सुधारतोच असं नाही. छापलेल्या स्पीडच्या साधारण निम्मा, हा हिशेब मला मानवला.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. डब्यावरचं नाव तेच असलं तरी आतली डिस्क त्याच कारखान्याची असेल असं नाही. प्रत्येक डिस्कवर कारखान्याचा कोड असतो आणि इम्गबर्न तो उजव्या बाजूच्या चौकटीत दाखवतो. माझ्या दोन डब्यांचे कोड वेगवेगळे निघाले. जो कोड चांगला चालला तो वहीत लिहून ठेवला.

मामाच्या डिस्कसाठी मी फिल्मच कमी केली. डिस्कवर लिहिलेले ४.७ जीबी हे हजाराच्या पटीतले. कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजून तेच ४.३८ दाखवतो, त्यात कुणी जागा खाल्लेली नसते. मी हजाराच्या हिशेबात ४ जीबीवर थांबायचं ठरवलं, म्हणजे कडेची सुमारे चार मिलिमीटरची पट्टी कोरीच राहते आणि भांडणाची जागाच उरत नाही. दोन तास तेवढ्यात कोंबले असते तर सेकंदाला जेमतेम साडेचार मेगाबिट मिळाले असते, आणि हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या हलत्या चित्रणाला ते पुरत नाहीत. त्यामुळे पंधरा मिनिटं कापली. कोणती, ते मामाला अजून ओळखता आलेलं नाही. दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क घ्यावी असं मावसभाऊ म्हणत होता, पण एका थरावरून दुसऱ्यावर जाताना जुने प्लेयर थबकतात आणि दुहेरी थराच्या बर्न केलेल्या डिस्क त्यांना आणखी जड जातात. या वयाच्या प्लेयरसाठी एकेरी थरच बरा.

मार्चच्या सुरुवातीला मामाकडे नवी डिस्क पोचली, शेवटपर्यंत चालली. काकाकडे तीच नवी डिस्क पाठवली होती, आणि काकाचा झटका जिथल्या तिथे होता! ४१ मिनिटं १२ सेकंद. जुन्या डिस्कवरही तिथेच.

आता संशय फिल्मवर. ४१:१२ ला काय आहे ते उघडून पाहिलं: भर पावसात समुद्र, लाटा फुटताहेत, आणि बाबा कॅमेरा घेऊन चालताहेत. एमपीईजी-२ ला यापेक्षा वाईट दृश्य देता येणार नाही. एका चित्रातलं पुढच्या चित्रात काहीच तसंच राहत नाही, त्यामुळे बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारी माहिती, उसळतो. डीव्हीडीत चित्राला सेकंदाला ९.८ मेगाबिटांची आणि सगळं मिळून १०.०८ ची मर्यादा आहे. प्लेयर १ एक्स स्पीडने वाचतो तेव्हा त्याला ११.०८ मिळतात. म्हणजे जेमतेम दहा टक्के सवलत, आणि बर्न केलेल्या डिस्कवर दुरुस्त्या करता-करता तीही संपते. त्यात आमच्या फिल्मचा आवाज कॉम्प्रेस न केलेला पीसीएम होता, तो एकटा दीड मेगाबिट खात होता. आवाज एसी-३ या कॉम्प्रेस केलेल्या प्रकारात १९२ किलोबिटवर आणला, चित्राची कमाल मर्यादा ८ मेगाबिट केली. पडद्यावरच्या पावसात मला काही फरक दिसला नाही. काकाच्या प्लेयरला तो कळला, झटका गेला.

काका बारीक नजरेचा. झटका गेल्यावर म्हणाला, “बाकी सगळं ठीक, पण झोपाळ्यावरची पोर थरथरते.” खरंच थरथरत होती. झोपाळा पुढे जाताना दर क्षणी एक पाऊल मागे यायचा. कॉम्प्युटरवर हे अजिबात दिसत नव्हतं, कारण व्हीएलसी हा व्हिडिओ चालवायचा प्रोग्रॅम ओळी मिसळून दाखवत होता. मिनी-डीव्हीचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत नोंदलेलं असतं, एकात सम ओळी आणि दुसऱ्यात विषम, आणि डीव्ही प्रकारात दुसऱ्या ओळीपासून सुरू होणारा, म्हणजे ‘खालचा’ अर्धा आधी येतो. फिल्म एमपीईजी-२ मध्ये बदलणाऱ्या एन्कोडरच्या सेटिंगमध्ये ‘वरचा’ आधी असं होतं. एक पर्याय बदलायचा आणि रात्रभर पुन्हा एन्कोड करायचं, एवढंच काम. पण काकाने सांगितलं नसतं तर ते तसंच गेलं असतं.

चुलतभावाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्याला खात्री होती की हा रीजन कोडचा, म्हणजे डिस्क ठरावीक देशांतच चालू देणाऱ्या कुलपाचा, प्रश्न आहे. घरी बर्न केलेल्या डिस्कवर रीजनचं कुलूप नसतं, ते व्यापारी डिस्कवर असतं. त्याचा प्रश्न पाल आणि एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या दोन वेगळ्या पद्धतींचा. आमची फिल्म पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत आणि जपानमध्ये एनटीएससी, ७२० बाय ४८० आणि २९.९७ चित्रं. भारतातले प्लेयर बहुतेक दोन्ही चालवतात, तिकडचे बरेच चालवत नाहीत. बदल करता येतो, पण २५ ची ३० करताना हालचाल अडखळते. त्याला विचारलं, डिस्कच हवी का? तो म्हणाला, फाइल पाठव. पाठवली.

एप्रिलच्या मध्यावर सगळ्यांकडे चालणाऱ्या प्रती पोचल्या. तोवर माझी पद्धत बसली होती. आधी इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) तयार करायची, ती व्हीएलसीत उघडून बघायची, मग री-रायटेबल डिस्कवर एक चाचणी. मात्र री-रायटेबल फक्त मेन्यू, चॅप्टर, आवाज आणि थरथर तपासायला. तिच्यावरून परतणारा प्रकाश साध्या डिस्कच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे जुना प्लेयर ती नाकारू शकतो, आणि तेवढ्यावरून फिल्मला दोष देऊ नये. मग डॅश आर, ८ एक्स, व्हेरिफाय. बर्न होताना लॅपटॉपवर दुसरं काही चालू ठेवत नाही. स्टिकर बंद, नाव पाण्याच्या शाईच्या मार्करने. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल-गोल कधीच नाही, कारण गोलाईच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो आणि मधून कडेकडे जाणारा थोडीशीच. आणि गठ्ठ्याने पाठवण्याआधी एकच प्रत सर्वांत जुन्या प्लेयरवाल्याकडे. आमच्याकडे ती आत्या.

हे सगळं चालू असताना बाबांच्या कपाटात ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क सापडल्या, नंतरच्या कॅमेऱ्याच्या. लॅपटॉप त्यांना कोऱ्या म्हणतो आणि फॉरमॅट करू का विचारतो. तुमच्याकडे अशा डिस्क असतील तर तिथे ‘नाही’च म्हणा. त्या बहुधा फायनलाइझ केलेल्या, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येतील अशा बंद केलेल्या, नसतात, आत चित्रण शाबूत असतं. कॅमेरा चालू होत असेल तर त्याच्याच मेन्यूतून, चार्जर जोडून, फायनलाइझ करायचं. नसेल तर आयसोबस्टरसारख्या प्रोग्रॅमला आतली व्हीआरओ किंवा व्हीओबी फाइल बऱ्याचदा दिसते. आणि ट्रे नसलेल्या, नुसती फट असलेल्या ड्राइव्हमध्ये या छोट्या डिस्क घालू नका, आत अडकतात. आमच्या कॅमेऱ्याचा चार्जर हरवलाय. दुसरा मागवलाय, तो या आठवड्यात येईल.